कादाचित्क दोष आणि कारणाचा निश्चय

एखादी घटना कधी घडते आणि कधी घडत नाही, तेव्हा तिला निश्चित कारण आहे असे म्हणता येते काय, आणि म्हणता येत असल्यास त्या कारणाचा निश्चय कोणत्या प्रमाणाने करावयाचा, हा प्रश्न भारतीय दर्शनांत फार जुना असून त्याची चर्चा बहुधा घट, पट आणि पर्वतावरचा धूर या ठरावीक उदाहरणांच्या आधाराने होत आली आहे. या उदाहरणांची अडचण अशी की ती सगळी आज्ञाधारक आहेत. मातीवर कुंभाराचा हात फिरला की घट होतो आणि धूर दिसला की त्याखाली विस्तव सापडतोच. कारणविचाराची खरी कसोटी लागते ती अशा ठिकाणी, जेथे कारण म्हणून संशय असलेली वस्तू समोर आहे, पण कार्य मात्र तपासणाऱ्याच्या देखत घडायला तयार नाही. जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन अधूनमधून ठिणगी चुकवू लागते, ज्याला गॅरेजच्या बोलीत गाडी ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात, ते असे एक उदाहरण आहे, आणि ते न्यायशास्त्राच्या परिभाषेत तपासून पाहिले असता त्या परिभाषेचे बळही दिसते आणि तिची मर्यादाही.

प्रथम दोषाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात सुमारे २००० सालापर्यंत तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत चार सिलिंडर असतात आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले गेल्यावर ते पेटविण्यासाठी प्लगच्या दोन टोकांमधील सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून विजेची ठिणगी उडावी लागते. बॅटरीचा दाब १२ व्होल्टचा, तर फट ओलांडण्यासाठी लागणारा दाब कित्येक हजार व्होल्टचा असतो. हा दाब वाढविण्याचे काम कॉइल करते. कॉइलमधला प्रवाह योग्य क्षणी तोडण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरमधील सीबी पॉइंट करतात, आणि तयार झालेला दाब पाळीपाळीने चारही प्लगांकडे पोचविण्याचे काम रोटर व जाड वायरी करतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर या व्यवस्थेला सेकंदाला १०० ठिणग्या द्याव्या लागतात, म्हणजे दहा मिनिटांच्या प्रवासात ६०,०००. त्यांपैकी काहीशे चुकल्या तरी गाडी बंद पडत नाही. ती झटके देते, ओढ कमी होते, सायलेन्सरमधून तुटक आवाज येतो आणि थोड्या वेळाने सर्व काही पूर्ववत होते.

बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर हे या प्रश्नाच्या दृष्टीने सोयीचे ठिकाण आहे, कारण तेथे दोन अगदी भिन्न रस्ते एकत्र येतात. गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वी ६ क्रमांकाचा होता आणि आता ५३ क्रमांकाचा आहे, पूर्वेला नांदुरा-खामगावकडे आणि पश्चिमेला मुक्ताईनगर-भुसावळकडे पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीच्या सपाटीवरून जातो. तर दक्षिणेला मोताळ्यावरून बुलढाण्याकडे जाणारा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता शेवटी राजूर घाटातून अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या बराच वर जातो, आणि मग जुन्या गाडीच्या मालकाची तक्रार साधारण अशी असते की घाटात गाडी मिसिंग मारते, इथं आणली की काहीच नाही. मिस्त्री बॉनेट उघडतो, इंजिन रेस करून ऐकतो, आणि इंजिन निर्दोष चालताना पाहतो. ज्या प्रत्यक्षावर सर्व अनुमान उभे राहावयाचे ते प्रत्यक्षच येथे अनुपस्थित असते. असतो तो केवळ मालकाचा शब्द, आणि शब्द हे प्रमाण असले तरी आप्ताचा, म्हणजे यथार्थ जाणणाऱ्या आणि यथार्थ सांगणाऱ्या माणसाचा शब्दच प्रमाण मानला गेला आहे, ही अट मिस्त्रीलाही ठाऊक असते.

अशा वेळी सर्वात सोपे उत्तर म्हणजे दोषाला कारणच नाही असे म्हणणे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाच्या कारणाविषयीच्या निरनिराळ्या मतांची जी गणना आहे, तीत काल, स्वभाव आणि नियती यांच्या बरोबरीने यदृच्छा, म्हणजे निव्वळ योगायोग, हेही नाव येते. आणि न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात काट्याच्या तीक्ष्णतेचा दाखला देऊन निमित्तावाचूनच भाव उत्पन्न होतात असे म्हणणाऱ्या पूर्वपक्षाचा परामर्श घेतला आहे. दहाव्या-अकराव्या शतकातील मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांनी न्यायकुसुमांजलीत या पक्षाला जे उत्तर दिले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वात मोलाचे आहे. जी गोष्ट कधी असते आणि कधी नसते तिला कादाचित्क म्हणतात, आणि उदयनाचार्यांच्या मते कादाचित्कत्व हाच ती गोष्ट कशावर तरी अवलंबून असल्याचा पुरावा होय. कारण जे कशावरही अवलंबून नाही, ते एक तर सदैव असेल किंवा कधीच नसेल, अमुक वेळी असावे आणि तमुक वेळी नसावे असा भेद त्याच्या ठिकाणी उत्पन्न होण्यास काही आधारच उरणार नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनीही त्यापूर्वी जवळजवळ हाच युक्तिवाद केला होता, आणि एरवी हाडवैर असलेल्या दोन परंपरांनी एका मुद्द्यावर एकमत करावे ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

या युक्तिवादाने सामान्य समजूत उलटी होते. सतत मिसिंग मारणाऱ्या गाडीपेक्षा अधूनमधून मिसिंग मारणारी गाडी अधिक गूढ वाटते. प्रत्यक्षात दुसरीच अधिक बोलकी असते, कारण तिच्या दोषाची ये-जा ज्या परिस्थितीबरोबर जुळते ती परिस्थिती कारणाच्या जवळ नेणारी असते. सतत राहणारा दोष सर्व परिस्थितींत सारखाच असल्याने त्याच्या परिस्थितीवरून फारसे काही कळत नाही. म्हणूनच जाणता मिस्त्री पाना हातात घेण्यापूर्वी प्रश्न विचारतो: सकाळी सुरू करताना होते की तासाभराने, पावसात होते की कोरड्यात, टाकी अर्धी असताना की तळाला गेल्यावर, खड्ड्यातून गेल्यावर की गुळगुळीत रस्त्यावरही.

अदृष्टाचा विषय येथे थोडक्यात आवरता येतो. वैशेषिकसूत्रांत लोहचुंबकाकडे सुईचे सरकणे आणि अग्नीच्या ज्वाळेचे वर जाणे यांचे कारण म्हणून अदृष्ट, म्हणजे न दिसणारे, प्राण्यांच्या पूर्वकर्मांतून आलेले बळ सांगितले आहे. बंपरला लिंबू-मिरची बांधणारा गाडीमालक त्याच दिशेने, पण फार कमी विचाराने, जात असतो. दोघांत एक महत्त्वाचा फरक आहे. वैशेषिकांनी अदृष्ट पुढे केले ते दृष्ट कारणे संपल्यावर, दृष्ट कारणे शोधण्याचा कंटाळा आला म्हणून नव्हे.

कादाचित्कत्वावरून कारण आहे एवढे सिद्ध होते. ते कोणते हे सिद्ध होत नाही. येथे व्यभिचाराची, म्हणजे नियम मोडण्याची, अडचण उभी राहते. कॉइल खराब आहे असे मानावे तर तीच कॉइल सकाळी नांदुऱ्यापर्यंत विनातक्रार जाऊन येते, म्हणजे कारण असून कार्य नाही, हा अन्वयव्यभिचार झाला. उन्हाला दोष द्यावा तर दुपारी दोन वाजता सपाट महामार्गावर भर उन्हात गाडी सुरळीत धावते. चढाला दोष द्यावा तर थंडीच्या दिवसांत तीच गाडी तोच घाट चढून जाते. प्रत्येक संशयित अशा रीतीने निर्दोष सुटतो, आणि अननुभवी तपासनीस येथेच गडबडतो, कारण तो एका अपराध्याच्या शोधात असतो. न्यायशास्त्राचे उत्तर असे की कार्य कोणत्याही एका कारणाने होत नाही, ते कारणसामग्रीने, म्हणजे सर्व आवश्यक कारणांच्या एकत्र येण्याने होते, आणि सामग्रीतील एखादे अंग कमी असेपर्यंत उरलेली सगळी हजर असूनही कार्य होणार नाही.

इंजिनाच्या बाबतीत ही सामग्री कशी भरते हे सविस्तर पाहण्यासारखे आहे. घाट चढताना चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण शिरते आणि दाबाच्या अखेरीस तेथील वायू अधिक दाट होतो. दाट वायूतून ठिणगी उडण्यास अधिक व्होल्ट लागतात, आणि प्लगची टोके झिजून फट रुंदावली असेल तर त्याहून अधिक. हे झाले मागणीचे वाढणे. दुसरीकडे, कॉइलमधील तांब्याच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे तीतून कमी प्रवाह वाहतो आणि साठणारी ऊर्जा घटते. जुन्या कॉइलचे आतील आवरण तापल्यावर कमकुवत होऊन काही वेढे आपसांत भिडू लागले असतील तर ती आणखी घटते. हे झाले पुरवठ्याचे आटणे. थंड सकाळी घाटात मागणी वाढते पण पुरवठा भरपूर असतो, दुपारी सपाटीवर पुरवठा आटतो पण मागणी माफक असते, आणि दोन्ही वेळा ठिणगी उडते. वैशाखातल्या दुपारी राजूर घाटाच्या मधल्या वळणांवर मागणीची चढती रेषा आणि पुरवठ्याची उतरती रेषा एकमेकींना छेदतात, आणि त्या छेदापलीकडे ठिणगी फट ओलांडू शकत नाही. मग दोष कोठे आहे म्हणावयाचे? कॉइलमध्ये म्हणावे तर नवा प्लग बसवून फट नीट केल्यावर जुन्या कॉइलसकट गाडी चढते; प्लगमध्ये म्हणावे तर नवी कॉइल लावल्यावर जुन्या प्लगसकट चढते. दोष यांपैकी कोणत्याही एका वस्तूचा गुण नाही, तो दोन परिमाणांतील अंतर नाहीसे होण्यात आहे, आणि अंतर ही वस्तू कोणत्याही दुकानात सुटा भाग म्हणून मिळत नाही.

शास्त्रकारांनी न जाळणाऱ्या अग्नीचाही विचार करून ठेवला आहे. चंद्रकांत मणी जवळ असता अग्नी जाळत नाही, आणि सूर्यकांत मणी आणला असता चंद्रकांत तेथे असूनही पुन्हा जाळतो, असे एक पारंपरिक उदाहरण आहे. मीमांसकांनी त्यावरून असे म्हटले की अग्नीत दाहशक्ती नावाचा वेगळा पदार्थ मानावा लागतो, जो चंद्रकांताने, म्हणजे प्रतिबंधकाने, नष्ट होतो आणि सूर्यकांताने, म्हणजे उत्तेजकाने, पुन्हा उत्पन्न होतो. नैयायिकांनी मात्र शक्ती मानण्याचे नाकारले आणि प्रतिबंधकाचा अभाव हाही सामग्रीतला एक घटक आहे, एवढ्यावर काम भागवले. या दोहोंत नैयायिकांचा पक्ष अधिक काटकसरीचा आणि तपासणीला अधिक उपयोगी आहे. ‘इंजिनात दम राहिला नाही’ हे मीमांसक धाटणीचे निदान ऐकायला भारदस्त असले तरी त्यापुढे काय करावे हे त्यातून कळत नाही. याउलट प्रतिबंधक कोठे आहे हा प्रश्न पावसाळी दिवसांत डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडून आतली ओल आणि कार्बनची केसासारखी बारीक रेघ पाहण्यास भाग पाडतो, ज्या रेघेवरून करंट प्लगकडे न जाता भलतीकडे पळत असतो.

गाडी निर्दोष चालत असताना दोष तिच्यात असतो की नसतो, हा यापुढचा प्रश्न. कोठीतले बी आणि शेतातले बी यांविषयी बौद्ध आणि नैयायिक यांच्यात जो प्रदीर्घ वाद झाला तो थेट येथे लागू पडतो. बौद्धांचे म्हणणे असे की शेतातल्या ज्या बीजक्षणातून अंकुर फुटतो त्यात कुर्वद्रूपत्व, म्हणजे प्रत्यक्ष कार्य करणारे रूप असते, आणि ते कोठीतल्या बीजात नसल्यामुळे दोन्ही बीजे एक नव्हेतच. नैयायिकांच्या मते बी तेच, फक्त कोठीत त्याला माती, पाणी आणि ऊब हे सहकारी मिळालेले नसतात. चरकसंहितेतही विषमज्वराचे, म्हणजे ठरावीक किंवा अनियमित अंतराने उलटणाऱ्या तापाचे, विवेचन करताना जमिनीत पडून राहून योग्य काळी उगवणाऱ्या बीजाचाच दृष्टांत आहे: ज्वर दिसत नाही त्या दिवशीही दोष धातूंत लीन होऊन राहिलेला असतो. वैद्य आणि नैयायिक येथे एका बाजूला आहेत आणि मिस्त्रीही बहुतेक त्यांच्याच बाजूला जाईल. तरीही बौद्ध पक्ष अगदीच टाकाऊ नाही. तापलेली कॉइल आणि निवालेली कॉइल यांचा रोध मोजला तर आकडे निराळे येतात. काही कॉइलींमध्ये तुटलेल्या तारेची टोके गारव्यात एकमेकांना टेकून असतात आणि उष्णतेने प्रसरण झाल्यावर दूर होतात, म्हणजे गॅरेजमध्ये मीटर लावून तपासलेली वस्तू आणि घाटात नापास झालेली वस्तू नावाने एक असली तरी त्या क्षणीच्या रचनेने खरोखरच एक नसतात. निवालेल्या कॉइलची मोजणी करून ती निर्दोष ठरविणे हा तर्काचा दोष आहे, मीटरचा नव्हे.

दोष चालू असताना गाडी हाती लागली तर काम पुष्कळ सोपे होते. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून, रबरी आवरणाच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहण्याची जी रीत आहे, ती अन्वयव्यतिरेकाचा, म्हणजे ‘हे असता ते, हे नसता ते नाही’ या परीक्षेचा शुद्ध नमुना होय. पहिली वायर काढली, इंजिन अडखळले. याचा अर्थ तो सिलिंडर काम करीत होता. दुसरी काढली, पुन्हा अडखळले. तिसरी काढली आणि आवाजात काहीच फरक पडला नाही, तर तिसरा सिलिंडर आधीपासूनच आळशी बसला आहे हे निश्चित झाले, कारण जो योगदान देत नव्हता त्याच्या जाण्याने काहीही उणे होत नाही. (वायर फार वेळ लोंबकळत ठेवली तर बाहेर जाण्यास वाट नसलेला दाब कॉइलच्या आतच वाट शोधतो, म्हणून जाणकार ती लगेच परत बसवितात.)

दोष हाती लागत नसेल तेव्हा दुसरा मार्ग घ्यावा लागतो. आयुर्वेदातील निदानपंचकात, म्हणजे रोग ओळखण्याच्या निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच साधनांत, उपशय म्हणजे उपचार करून पाहणे आणि कशाने बरे वाटते यावरून रोग ओळखणे. ज्याची लक्षणे गूढ आहेत असा व्याधी उपशय-अनुपशयाने पारखावा असे चरकाचे सांगणे आहे. चालू गाडीची कॉइल उसनी घेऊन लावून पाहणे हा उपशयच आहे, पण त्यात एक खोल खड्डा आहे. कॉइल बदलताना मिस्त्री तिच्या जुन्या टर्मिनलवरील सैल झालेला नट घट्ट आवळतो, गंजलेली चकती घासतो, आणि दोष जातो. श्रेय मात्र नव्या कॉइलला मिळते. विश्वनाथ पंचानन यांच्या भाषापरिच्छेदात कारणासारख्या दिसणाऱ्या पण कारण नसलेल्या, म्हणजे अन्यथासिद्ध अशा वस्तूंचे पाच प्रकार सांगितले असून त्यांत कुंभाराचा बाप आणि माती वाहून आणणारे गाढव यांचा समावेश आहे: घट होण्यापूर्वी गाढव तेथे असते हे खरे, पण गाढवावाचून घट अडत नाही. नवी कॉइल कित्येकदा हे गाढव असते. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि चारही प्लग एकदम बदलणाऱ्याला तर कोणते गाढव आणि कोणता कुंभार हे कधीच कळणार नाही. गाडी चालेल, बिल होईल, ज्ञान होणार नाही. म्हणून सावध मिस्त्री आधी जोडण्या साफ करून, आहे तीच कॉइल परत लावून पाहतो, आणि नवी लावून दोष गेल्यावर जुनी पुन्हा लावून तो परत येतो काय हेही पाहतो, जरी हे दुसरे काम मालकाला वेडेपणाचे वाटत असले तरी.

अलीकडच्या गाड्यांत संगणक क्रँकशाफ्टच्या गतीतील सूक्ष्म चढउतारांवरून कोणत्या सिलिंडरने ठिणगी चुकवली ते ओळखून नोंद ठेवतो, आणि पी ०३०२ अशी खूण दिसली की दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग झाले असे समजते. मालकाच्या शब्दाच्या जागी यंत्राचा शब्द आला, एवढाच याचा अर्थ. तो अधिक आप्त असला तरी कार्याविषयीच बोलतो. कारणाविषयी तो मुका आहे, आणि ती खूण पाहून आंधळेपणाने दुसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलणारे उपाधीचा विचार विसरलेले असतात. उपाधी म्हणजे व्याप्तीत, म्हणजे दोन गोष्टींच्या नियत साहचर्यात, लपलेली अट: जेथे अग्नी तेथे धूर हा नियम ओल्या सरपणाच्या उपाधीवर उभा असतो, तसा ‘गाडी तापली की मिसिंग’ हा नियम चढाच्या उपाधीवर उभा असू शकतो. उष्णता आणि चढ राजूर घाटात नेहमी जोडीने भेटत असल्यामुळे तेथेच पुनःपुन्हा पाहून त्यांना वेगळे करता येणार नाही. त्यासाठी मोताळ्यात बॉनेट उघडून गाडी निवू द्यावी आणि मग घाट चढवावी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तापलेली गाडी महामार्गाच्या सपाटीवर चालवावी, अशी विभागणी मुद्दाम घडवून आणावी लागते.

दुरुस्तीनंतरचा प्रश्न सर्वात अवघड आहे, कारण तेथे अभाव सिद्ध करावयाचा असतो. गॅरेजसमोर दोन फेऱ्या मारून दोष दिसला नाही, तर तो गेला असे म्हणता येत नाही, कारण दुरुस्तीपूर्वीही तो तेथे दिसत नव्हताच. शास्त्रात अभावाचे ज्ञान केवळ न दिसण्याने होत नाही, योग्यानुपलब्धीने होते: वस्तू असती तर दिसलीच असती अशा परिस्थितीत ती न दिसणे, एवढेच अभावाचे ज्ञान देते. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे होत नाही. त्या हिशेबाने मलकापुरातील या गाडीची योग्य चाचणी दुपारच्या उन्हात, माणसे बसवून, राजूर घाटातच होऊ शकते, आणि पावसात उपटणाऱ्या दोषाची चाचणी वायरींवर पाणी शिंपडून अंधारात निळी ठिणगी भलतीकडे उडते काय हे पाहून होऊ शकते.

तेवढ्यानेही संशय संपत नाही असे खंडनखंडखाद्य लिहिणारे बाराव्या शतकातील श्रीहर्ष म्हणतील. आजच्या घाटात न सापडलेली एखादी अट उद्याच्या घाटात सापडणार नाही याची हमी कोणत्याही अनुमानाने मिळत नाही. उदयनाचार्यांनी संशयाला व्याघाताची, म्हणजे संशय घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीशी येणाऱ्या विरोधाची, सीमा घातली होती: जो भूक लागल्यावर जेवतो त्याला भोजन आणि तृप्ती यांच्या कार्यकारणभावावर संशय घेण्याचा अधिकार नाही. श्रीहर्षांनी त्यावर उलट विचारले की व्याघात आहे हे तरी संशयावाचून कसे कळले, आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास गंगेशोपाध्यायांनी तत्त्वचिंतामणीत त्याचे उत्तर देताना संशय बोलण्यात नव्हे तर वागण्यात असतो काय हे पाहण्यावर भर दिला. या वादात श्रीहर्षांची तर्काची बाजू कमी बळकट नाही. पण घाटातून परत आलेल्या मिस्त्रीने मजुरी घेतली आणि मालकाने पुढच्या आठवड्यात घरच्या माणसांना घेऊन बुलढाण्याला जायचे ठरवले, तर त्या दोघांच्या वागण्यात संशय उरलेला नाही. आणि त्याच मालकाने जुनी कॉइल भंगारात न देता डिकीत ठेवून दिली असेल, तर तो पूर्णपणे संपलेलाही नाही.